भिकुबाईच्या मूत्रपिंडाची राखण

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. म्हातारी म्हणालात तरी मी रागावणार नाही. मधेच बोललात तर मात्र रागावेन. सरळ बसा आणि ऐका.

तुमच्या डोळ्यांना मी दिसणार नाही. सुईच्या टोकावर माझ्यासारख्या कितीतरी जणी मावतील. मी रक्तात राहते. रक्तात पांढऱ्या पेशींचे जे मोठे घराणे आहे, त्यातली मी. त्या घराण्यातल्या बहुतेकांच्या नशिबी लढाई असते. जखम झाली, ताप आला, की ते धावत जातात आणि जंतूंना मारतात. तुमच्या पुस्तकांत त्यांची सैनिकांसारखी चित्रे काढलेली असतात. माझे काम निराळे आहे. मी लढणाऱ्यांना आवरते. घरच्याच माणसावर उगारलेला हात मी वरच्या वर धरते. या कामाचे चित्र आजवर कोणी काढलेले नाही.

माझ्यासारखी पेशी फार वर्षे जगत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्यात आईची सारी ओळख घेऊन लेक जन्मते. म्हणून मी ‘मी’ म्हणते, तेव्हा त्यात माझी आई आहे, आजी आहे आणि तिचीही आई आहे. आणि पेशीला माणसांचे बोलणे कसे ऐकू येते, असे विचारू नका. रक्त कुठे जात नाही? कानाच्या पडद्यापाशीही बारीक रक्तवाहिन्या असतात. तिथून जाताना मी जरा रेंगाळते. एवढे उत्तर पुरे.

माझा जन्म अभिमनच्या शरीरात झाला. धरणगावजवळच्या एका खेड्यात, कापूस पिकवणाऱ्या घरात तो जन्मला. त्याच्या आईचे नाव झुंबरबाई. त्याला एकच मोठी बहीण, भिकुबाई. वडील लवकर गेले. झुंबरबाईने दोन्ही मुलांना मान ताठ ठेवून वाढवले आणि तीच ताठ मान तिने मुलांकडूनही मागितली.

लहान मुलाच्या छातीच्या हाडामागे एक मऊ ग्रंथी असते. तिला थायमस म्हणतात. ती आमची शाळा. त्या शाळेत छडी नाही, घंटा नाही, आणि नापास होणाऱ्याला दुसरे वर्षही नाही. तिथे परीक्षा एकच असते. शरीराचाच एक कण पुढे धरतात आणि पाहतात, हा त्याला काय करतो. जो आपल्याच घरच्या कणावर तुटून पडेल, त्याचा तिथेच शेवट होतो. बहुतेक विद्यार्थी त्या शाळेतून जिवंत बाहेर पडतच नाहीत.

मी त्या कणाला ओळखले. गरजेपेक्षा जास्तच ओळखले. माझाही शेवट व्हायचा. पण माझ्यासारख्या थोड्या जणींना ती शाळा मारत नाही. ती त्यांना वेगळा वसा देते. तू घरच्यांना इतके ओळखतेस, तर घरच्यांना जप. तो वसा घेऊन मी बाहेर पडले आणि आजवर तो टाकलेला नाही.

पहिली कितीतरी वर्षे माझ्या वाट्याला मोठे संकट आले नाही. अभिमन चिंचा खाऊन घसा धरवून घेई, विहिरीत पोहून कान फोडून घेई. सैनिक धावत, काम उरकत, आणि मग आम्ही त्यांना घरी पाठवत असू. एखाद्याला चेव आला, तर तो चेव आणणारा जो रस रक्तात असतो, तो आम्हीच पिऊन टाकत असू. रस संपला की सैनिक थंड होतो. चिथावणी देणारी पेशी दिसली, तर तिच्या तोंडावर हात ठेवत असू. आरडाओरडा न करता घर कसे चालवावे, हे मला कोणी शिकवायला नको.

अभिमन मोठा झाला आणि अमळनेरच्या एस.टी. डेपोत कंडक्टर म्हणून लागला. त्याच्या गाडीचा ड्रायव्हर होता हारुन. दोघांची जोडी जमली. हारुन गाडी जपून चालवी आणि जीभ मोकळी सोडी.

पुढे एका हिवाळ्यात अभिमनचा घसा सुजला आणि ताप आला. सैनिक नेहमीप्रमाणे गेले. जंतू मेले. पण या वेळी सैनिक परतले नाहीत. शत्रू संपल्याचे त्यांनी ऐकलेच नाही, आणि त्यांनी का ऐकले नाही, हे मलाही आजतागायत कळलेले नाही. ते मूत्रपिंडांच्या बारीक गाळण्यांवर तुटून पडले. ज्या गाळण्या जन्मापासून रात्रंदिवस त्यांचेच रक्त स्वच्छ करत होत्या, त्यांनाच त्यांनी परके ठरवले. आम्ही अडवायला गेलो. आम्ही थोड्या होतो, ते पुष्कळ होते. एका जागी हात धरावा, तर दुसरीकडे वार होई. आपलीच माणसे आपल्याच घराला आग लावतात, तेव्हा विझवणाऱ्याने पाणी कोणाच्या अंगावर टाकावे?

बाहेर कोणाला काही कळले नाही. अभिमनचे पाय सुजू लागले, चेहरा फुगला.

“काय नही व्हयेल त्याले,” झुंबरबाई म्हणायची. “दिनभर बसमा उभा ऱ्हास, पाय सुजतीलच.”

हारुनने मात्र ओळखले. “अभिमन, तू आते उभ्या उभ्या झोपस,” तो एकदा म्हणाला. “काल त्या म्हातारीले जानं व्हतं बेटावदले, आनि तू तिले पारोळानं तिकीट दिधं. ती माले शिव्या दी ऱ्हायनी व्हती, तुले नही. चाल, दवाखानामा चाल.”

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे सुकून गेली होती. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवणे हा एकच मार्ग त्यांनी सांगितला, आणि ते रक्ताच्या नात्यातले असावे असेही सांगितले. झुंबरबाईने ताबडतोब आपले देऊ केले. पण तिला साखरेचा आजार होता, म्हणून तिचे चालले नाही. भाऊबंदांत सर्वांत मोठे कौतिकनाना. त्यांना दोन तरणीताठी मुले होती. नाना म्हणाले, “मना पोऱ्यास्ना आजून लगीन व्हवाना शेतस. पोटले चिरा पडना, ते पोरी कोन दी?” त्यानंतर त्यांची मुले त्या घराच्या गल्लीतूनही जाईनाशी झाली.

भिकुबाईचे सासर चोपड्याकडे होते. बातमी कळल्यावर ती आली. हातातली पिशवी खाली ठेवण्याआधीच ती म्हणाली, “मनी लई ल्या.”

“तू दुसरास्नी सून शे,” झुंबरबाई म्हणाली. “तुना सासरा काय म्हनी?”

“सासराले इचारीसन उनी मी. त्यासनी सांगं, जा. आते तू आडवी नको पडू, माय.”

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ते काम झाले. एकोणीसशे नव्वद उलटून गेले होते. शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी भिकुबाई भिंत धरत धरत भावाच्या खोलीशी आली.

“अक्का, दुखस का?” अभिमनने विचारले.

“दुखस. पन देयेल वस्तू परत मांगनारी नही मी. संभाळीसन ठेव. चोपडानी शे ती, केळीस्नं पानी पेयेल. तुनामायक कोरडवाहू नही.”

“हासाडू नको, अक्का. टाका दुखतस.”

मित्रांनो, शस्त्रक्रियेच्या दिवशी मी त्या नव्या मूत्रपिंडाच्या उंबरठ्याशी उभी होते. ते आत आले तेव्हा पांढरेफटक होते. रक्त शिरताच ते गुलाबी झाले आणि कामाला लागले. असे निमूट काम करणारे पाहुणे मी पाहिले नव्हते. पण प्रत्येक शरीराच्या पेशींवर त्या त्या शरीराची खूण असते. भावाबहिणींच्या खुणा काही जुळतात, काही जुळत नाहीत. या मूत्रपिंडावरची अर्धी खूण आमच्या ओळखीची होती, अर्धी परकी होती. सैनिकांनी ती परकी खूण पाहिली आणि ते पुढे सरसावले.

त्यांना औषधांनी अडवले. गोळ्या होत्या, शिवाय एक तेलकट औषध होते, ते दुधात कालवून घ्यावे लागे. त्याचा वास इतका उग्र की अभिमन नाक धरून पीत असे. त्या औषधाने सैनिकांचे हात बांधले गेले. खरे बोलायचे, तर आमचेही बांधले गेले. चेव आणणारा जो रस आम्ही पितो, तोच आमचे अन्नही आहे, आणि औषध त्या रसालाच आटवते. म्हणजे चोराबरोबर राखणदारालाही उपाशी ठेवण्याचा तो उपाय होता. तरीही मी त्या औषधाला कधी नावे ठेवली नाहीत. अन्न थोडे मिळाले म्हणून घर सोडून जाणाऱ्यांतली मी नाही.

हळूहळू काही घडत गेले. बांधलेल्या हातांच्या त्या काळात आमच्यातल्या काही जणी नव्या मूत्रपिंडाजवळ राहायला गेल्या. त्यांनी परकी खूण रोज पाहिली. पाहता पाहता ती ओळखीची झाली. ज्या सैनिकांचे हात औषधांतूनही थोडे सुटत, त्यांना आम्ही दारातूनच परत पाठवू लागलो. त्या मूत्रपिंडाला घरचे म्हणणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढत होती. फार नाही, पण वाढत होती. आणखी काही वर्षे मिळाली असती, तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही. केला तर काम होत नाही.

अभिमन पुन्हा गाडीवर जाऊ लागला. औषधाने त्याच्या हातांना थरथर आली होती आणि तिकिटे फाडताना ती दिसे. हारुन म्हणे, “प्यासेंजर समजतस, कंडक्टर त्यासले घाबरस.” अभिमन हसे. तो तपासणीसाठी नेमाने जळगावला जाई.

तिथे एकदा त्याने डॉक्टरीणबाईंना विचारले, “बाई, काही जणांची किडनी गोळ्या न घेताही टिकते म्हणतात. खरं आहे का?”

“क्वचित एखाद्याची. का टिकते, ते कोणालाच नीट माहीत नाही. मध्यंतरी म्हणत, शरीराला शांत करणाऱ्या पेशी असतात. आता ते कोणी फारसं मानत नाही. तुम्ही त्या नादाला लागू नका, अभिमन. औषध एक दिवसही चुकवायचं नाही.”

बाई त्याची नाडी पाहत होत्या. त्यांच्या बोटांखालून त्याच क्षणी मी जात होते. माणसाने आपल्या हाताखालून जाणाऱ्या बाईला ‘तू नाहीसच’ असे म्हणावे, तसे ते झाले. मी अपमान गिळला. वाईट याचे वाटते, की त्या सगळ्या बोलण्यातून अभिमनने एवढेच उचलले: एखाद्याची टिकते.

मग तो श्रावण आला.

खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, हे तुम्हांला सांगायला नको; पण दूरच्यांसाठी सांगते. नारळाला नथ आणि दागिने घालून देवी मांडतात. सारे भाऊबंद एका घरी जमतात. गव्हाच्या पिठाचे रोट करतात. दुसऱ्या दिवशी देवीला वाजतगाजत नदीवर पोचवतात, पण रोट पुढेही पुरवून खातात. अभिमनच्या घराण्याचा नेम कडक होता. रोट कुळाबाहेरच्याला द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली लेकही त्या दिवसांत कुळाबाहेरचीच. आणि रोट सरेपर्यंत, तो खाणाऱ्याच्या तोंडात रोट आणि त्यासोबतची गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी यांखेरीज काही जायचे नाही.

शस्त्रक्रियेनंतर अभिमन कधी रोटाच्या पंगतीला बसला नव्हता. त्या वर्षी झुंबरबाईने ठरवले, की मुलगा बसणार. कुळाने त्याला पुन्हा आपल्यात घेतलेले तिला सर्वांसमोर पाहायचे होते. पाट मांडले गेले. अभिमन बसला. तेव्हा कौतिकनाना खाकरले.

“वहिनी, राग नको मानू. पन याना पोटमा भिकुबाईनी किडनी शे. भिकुबाई आते दुसरा कुळनी. मंग रोट कोन खाई, आपला पोऱ्या का दुसरा कुळ?”

कोणीतरी हसले. झुंबरबाई हसली नाही.

“नाना, तुना दोन्ही पोऱ्या घरमा लपी बसनात, तवय तुनं कुळ कोठे गयतं?”

नानांचा चेहरा उतरला. पण ज्येष्ठपणा उतरवून ठेवणे त्यांना जमणारे नव्हते. ते वाईट मनाचे नव्हते. त्यांना खरोखरच देवीची भीती होती. थोडा वेळ विचार करून त्यांनी तोडगा काढला.

“मंग नेम पाळू दे त्याले. रोट सरेस्तोवर तोंडमा दुसरं काहीच नही. गोयी नही, आनि ते दवाखानानं तेल बी नही. देवी समजी लेई, आपला शे का परका.”

झुंबरबाईने मुलाकडे पाहिले. मला वाटले, ती आता नाही म्हणेल. भाऊबंदांच्या बायका स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या, आणि त्या पाहत असताना माघार घेणे तिला येत नव्हते.

“पाळसू,” अभिमन म्हणाला.

त्या एका शब्दात किती भूक होती, ते मला त्याच्या रक्तात जाणवले. तीन वर्षे तो कोणाच्या लग्नात बाजूला बसला होता, कोणाच्या घरी वेगळ्या भांड्यातून पाणी प्यायला होता, औषधाची बाटली पिशवीत लपवून फिरला होता. त्याला एकदा तरी सगळ्यांसारखे व्हायचे होते. आपला म्हणवून घेण्यासाठी माणूस काय काय सोडतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

औषध थांबले. सैनिकांचे हात एकेक करून सुटू लागले. आळस झटकून उठलेल्या माणसाप्रमाणे त्यांनी इकडेतिकडे पाहिले. त्यांना ती परकी खूण दिसली.

आमचेही हात सुटले होते, हे विसरू नका. आम्ही सगळ्या जणी त्या मूत्रपिंडाकडे धावलो. नळ्यांच्या कडेने, गाळण्यांच्या तोंडाशी, जिथे जागा मिळाली तिथे उभ्या राहिलो. जो पुढे आला त्याचा हात धरला. जो ओरडला त्याचे तोंड धरले. तो रस आम्ही इतका प्यायलो, की आजूबाजूच्या सैनिकांना थेंब उरला नाही. माझ्या किती बहिणी तिथे गेल्या, ते मी सांगणार नाही. पण भिकुबाईच्या मूत्रपिंडाला आम्ही धक्का लागू दिला नाही.

रोट सरले. अभिमन ठणठणीत होता. उलट, औषध थांबल्याने त्याच्या हातांची थरथर गेली होती, चेहऱ्याची सूज उतरली होती.

झुंबरबाईने त्याचे हात आपल्या हातांत घेऊन पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. “देख, काय व्हयनं? काहीच नही. कानबाईनी पदरमा लिधं तुले. आते ते वास मारनारं तेल कसाले?”

“डॉक्टरीणबाई बी सांगेत, कोनी कोनी तशीच टिकस,” अभिमन म्हणाला.

मित्रांनो, इथे मला थांबून बोलू द्या. देवीचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. मीही वयाने मोठी आहे, मोठ्यांचा मान मला कळतो. पण ती शांतता कोणाच्या कृपेने आलेली नव्हती. ती आम्ही अंग झिजवून राखलेली होती, आणि ती किती दिवस राखता येईल, हे आमचे आम्हांला ठाऊक होते. बाहेरून मात्र एवढेच दिसत होते, की काही झाले नाही. आम्ही काम चोख केले, म्हणूनच कोणाला धोका दिसला नाही. आम्ही थोड्या कमी पडलो असतो, पहिल्याच आठवड्यात त्याला ताप आला असता, तर तो घाबरून औषधाकडे धावला असता आणि कदाचित वाचला असता. या गोष्टीचे मला काय करावे, ते अजून कळलेले नाही.

अमळनेरच्या स्टँडवर हारुनने पाहिले, की अभिमनच्या पिशवीत डब्याशेजारी असायची ती औषधाची बाटली दिसत नाही.

“बाटली कोठे शे?”

“सोडी दिधी. आते गरज नही.”

“गरज नही? डॉक्टरनी सांगं?”

“देवीनी सांगं.”

“अरे यार,” हारुन म्हणाला, “मी रोज गाडी काढताना अल्लाहनं नाव लेस. पन ब्रेक बी तपासस ना!”

“तू तुनं देख, हारुन. आमना कुळनी गोष्ट शे.”

हे बोलणे हारुनला लागले. पण काही दिवसांनी त्याला चोपड्याची फेरी मिळाली, तेव्हा, हे मी मागाहून ऐकले, तो भिकुबाईचे घर शोधत गेला आणि त्याने सगळे सांगितले. भिकुबाईने चुलीवरचे तसेच उतरवले आणि ती त्याच्याच परतीच्या गाडीत बसली.

तोवर उशीर झाला होता. पोळ्याच्या सुमारास सैनिकांची नवी फळी आली. ती आमच्या ओळखीची नव्हती आणि ऐकून घेणारी नव्हती. आम्ही धरलेले हात सुटले. एक गाळणी फुटली, मग शेजारची. रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजल्या, आणि आत जाणारे रक्त दारातच अडू लागले. मी तिथेच होते. ते मूत्रपिंड शेवटपर्यंत काम करत राहिले. ज्या नळ्यांत अजून जीव होता, त्या आपला वाटा गाळत राहिल्या. त्याने कोणावर हात उगारला नाही. त्याला ते येतच नव्हते.

भिकुबाई घरात शिरली तेव्हा अभिमन कुशीवर वळून पडला होता. अंगात ताप होता, पोटाचा उजवा खालचा भाग, जिथे तिचे मूत्रपिंड बसवले होते, टणक झाला होता, आणि लघवी जवळजवळ थांबली होती.

“अक्का, तू कशी काय?” तो उठू लागला.

“उठू नको. पडी ऱ्हाय,” ती म्हणाली. तिने त्याच्या पोटावर अलगद हात ठेवला. तान्ह्या मुलाच्या अंगावर ठेवतात तसा. मग आईकडे न पाहता ती म्हणाली, “हारुनभाऊ, गाडी देखा जळगावनी.”

जळगावला मोठ्या मात्रेची इंजेक्शने दिली गेली. त्यांनी सैनिक पडले, आमच्यातल्याही पुष्कळ पडल्या. पण मूत्रपिंड वाचले नाही. त्याचे विष अंगात पसरू लागल्यावर ते काढावे लागले. झुंबरबाई बाहेर बाकावर बसून डॉक्टरीणबाईंना एकच सांगत होती, की माझे घ्या, साखर असली तरी घ्या. तिच्याकडे कोणाला पाहवेना.

अभिमन अजून अर्धवट गुंगीत होता. त्याच्या खाटेशेजारी झालेले बोलणे मी ऐकले.

“बाई, ती कोठे शे?” भिकुबाईने विचारले.

“काय?”

“मनी किडनी. माले दावा.”

“पाहून काय करणार तुम्ही? आता ती कामाची राहिली नाही.”

“मनी शे.”

डॉक्टरीणबाईंनी नकार दिला नाही. पत्र्याचे भांडे टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“केवढी सुजी गयी,” भिकुबाई म्हणाली. मग विचारले, “इले कोनी मारं?”

“कोणी नाही मारलं. त्याच्या शरीराला ती परकी वाटली.”

“तीन साल त्याना पोटमा ऱ्हायनी. त्यानंच पानी पिनी, त्यानंच काम कयं. परकी कशी?”

याचे उत्तर माझ्याकडे होते. ती सगळ्यांना परकी नव्हती, भिकुबाई. काही जणी तिला घरची म्हणत होत्या, तिच्या दारात उभ्या राहून मेल्या. पण माझा आवाज कोणाच्या कानापर्यंत पोहोचणार?

आता सांगायचे थोडे उरले आहे. अभिमनला दुसरे मूत्रपिंड मिळाले नाही. सैनिकांनी एकदा जी खूण शत्रूची म्हणून लक्षात ठेवली, ती ते विसरत नाहीत, आणि जुळणारे दुसरे कोणी नात्यात उरले नव्हते. तो धुळ्याला एका रुग्णालयात यंत्रावर रक्त धुऊन घ्यायला जातो. मी त्या नळ्यांतून बाहेर जाते, यंत्रातून फिरते आणि गार होऊन परत येते. नोकरी सुटली. हारुन सुटीच्या दिवशी त्याला घेऊन येतो आणि बाहेर झाडाखाली थांबतो. पूर्वीसारखी थट्टा करत नाही. झुंबरबाई आता कोणालाही नेम सांगत नाही.

मागच्या खेपेला जळगावच्या डॉक्टरीणबाई तिथे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अभिमन, तुम्ही एकदा मला विचारलं होतं ना? त्या शांत करणाऱ्या पेशींचं नाव आता पुन्हा घेऊ लागले आहेत. जपानात उंदरांवर प्रयोग झाले. असतात म्हणे त्या.”

अभिमनने त्यांच्याकडे मान वळवली. “मग माझ्या अंगातही होत्या का, बाई?”

“असतील.”

त्याने डोळे मिटले. होत्या नाही, अभिमन. आहोत. थोड्या उरलो आहोत, तुझ्या उरलेल्या शरीराच्या राखणीला उभ्या आहोत, आणि तुझ्याबरोबरच जाऊ.

मित्रांनो, माझा मान करा, असे मी म्हणत नाही. मान मागून मिळत नाही, आणि मागणारी मी नव्हे. पण एक आज्ञा करते. घर शांत आहे, काही बिघडलेले नाही, म्हणून राखणदाराला रजा देऊ नका. घर शांत का आहे, हे आधी विचारा. आणि तुमच्या घरात, शेजारात, वर्गात कोणी रोजच्या औषधावर जगत असेल, तर त्याला देवाची शपथ घालू नका, जातीकुळाच्या पंगतीत त्याची परीक्षा घेऊ नका, तो बरा दिसतो म्हणून हसून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, ‘आजचे औषध घेतलेस का?’ त्याने उत्तर दिल्याशिवाय तिथून उठू नका.